एक दहाचं पाणी

रावसाहेब हिवराळे पाणीखात्यातून निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं घरात लक्ष लागेना. बत्तीस वर्षं हा माणूस खांद्यावर लोखंडी चावी टाकून ऐरोलीच्या सेक्टरांमधून फिरला होता. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. चार फुटांची, वरती आडवा दांडा असलेली, रस्त्यातल्या चेंबरमध्ये सोडून पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची. त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. "चावीवाले काका आले," एवढंच लोक म्हणत आणि बायका पिंपांची झाकणं काढायला लागत.

आता ते सोफ्यावर बसून मोरीतल्या नळाचा आवाज ऐकत आणि बायकोला सांगत, "नामदेवनं दोन आटे कमी फिरवलेत आज." नामदेव म्हणजे त्यांच्या जागी आलेला चावीवाला.

चांगुणाबाई म्हणत, "अहो, बत्तीस वर्षं सोडलंत. आता नुसतं प्या."

त्यांना यातून बाहेर काढलं ते सुनेनं, अभयच्या बायकोनं. अक्षता कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची आणि शहरातलं पाणी कुणाला किती मिळतं, का मिळतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. प्रकल्प असा आखलेला, की त्यात एक समाजशास्त्राची आणि एक इंजिनियरिंगची. एकीनं माणसांना विचारायचं, दुसरीनं पाणी मोजायचं. ही दुसरी म्हणजे मनस्वी मढवी, खाडीकाठच्या गावठाणातली आगऱ्यांची मुलगी. हुशार आणि जिभेला धार. दर रविवारी दोघी हिवराळ्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून भांडत.

"माणसं काहीही सांगतात गं," मनस्वी म्हणायची. "पाइप खोटं बोलत नाही."

"पण पाइप कुणाच्या दारापर्यंत न्यायचा ते कुणी ठरवलं, हे पाइपाला विचार ना," अक्षता म्हणायची.

एका रविवारी रावसाहेब पाण्याचा तांब्या घ्यायला आले आणि नकाशाकडे बघून थबकले. "हा चेंबर इथं नाही. मेडिकलच्या पायरीखाली गेलाय तो, धा वर्षं झाली."

त्या संध्याकाळपर्यंत रावसाहेबांनी नकाशावरचे अकरा व्हॉल्व्ह इकडचे तिकडे केले, दोन नवीन दाखवले आणि एक रद्द केला. मनस्वीनं उठून त्यांना आपली खुर्ची दिली. तेव्हापासून ते या संशोधनात तिसरे. त्यांनी नवी वही आणली, चष्म्याचा नंबर तपासून घेतला आणि रविवारी सकाळीच दाढी करायला लागले. चांगुणाबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्याकडं आता तीन प्रोफेसर हायेत."

खात्याची परवानगी काढून मनस्वीनं आठ ठिकाणी लॉगर बसवले. मुठीएवढी डबी, पाइपाला लावली की मिनिटामिनिटाला पाण्याचा दाब टिपून ठेवते. जागा रावसाहेबांनीच दाखवल्या होत्या. सेक्टरच्या शेवटच्या टोकाची जागा मात्र मनस्वीनं स्वतः निवडली. ते त्यांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

दोन आठवड्यांनी ती लॅपटॉप घेऊन आली. कोंबडीचा रस्सा वाढून झाला होता. तिनं एका हातानं भाकरी मोडत दुसऱ्या हातानं स्क्रीन रावसाहेबांकडे वळवला.

"काका, हे बघा टोकाचं. साडेबाराला दुपारचं पाणी सुटतं, दाब चढतो. बरोबर एक दहाला असा खाली बसतो. दीडला लाइन बंद. रोज. रविवारीसुद्धा. साधी गळती असती तर पाणी असेपर्यंत सारखी गळली असती ना? ही गळती घड्याळ बघून गळते."

रावसाहेबांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. मग ते म्हणाले, "जुनी लाइन हाय. हवा धरती कधी कधी."

अक्षतानं लगेच वहीत लिहून घेतलं: 'हवा'. पाइपाबद्दल सासरे जे म्हणतील ते ती लिहून घ्यायची, उलटून विचारायची नाही. तो शब्द तिच्या वळणदार अक्षरात उमटताना बघून रावसाहेबांना जेवण गेलं नाही. सुनेशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

हात धुऊन ते गॅलरीत गेले आणि त्यांनी नामदेवला फोन लावला. नामदेव म्हणजे त्यांच्या जागी आलेला चावीवाला.

"नामदेव, ते चार दिवस बंद ठेव."

"कुठलं, काका?"

"तेच."

"बायका येऊन बसतील हो."

"चार दिवस. पोरी डब्या काढून नेईपर्यंत."

ते 'तेच' म्हणजे काय, हे नामदेव सोडला तर रावसाहेबांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सेक्टरच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी दगडखाणीतल्या कामगारांची वस्ती आहे. साठेक घरं, कर्नाटकाच्या सीमेकडून आलेले वडार, काही मराठवाड्याचे. बावीस वर्षांपूर्वी खात्यानं रावसाहेबांना तिथे धाडलं होतं. कॉलनी बांधताना टाकलेली एक जुनी लाइन नाल्याच्या मोरीपाशी नुसती पडून होती, तिचा व्हॉल्व्ह कायमचा बंद करून यायचा होता. त्यांनी केला. आठवड्यानं सहज त्या बाजूनं गेले, तर चार बायका चेंबरमध्ये उतरून तळाला साचलेलं पाणी वाटीनं भरत होत्या. पदराची घडी घालून त्यातून गाळत होत्या. रावसाहेब चेंबरच्या काठावर उभे राहिले. बायका घाबरून वर आल्या. एकीनं भरलेली घागर त्यांच्यापुढे ठेवली. वाटलं असेल, हा ती ओतून देणार.

दुसऱ्या दिवशी एक दहाला, कॉलनीतल्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या टाक्या भरून वाहायला लागल्या तेव्हा, रावसाहेबांनी तो बंद व्हॉल्व्ह चार आटे उघडला आणि वीस मिनिटांनी मिटला. मग रोजच. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन. कुणाकडून काही घेतलं नाही. फक्त यल्लूबाई नावाची बाई कधी चहा द्यायची, त्याला नाही म्हणता आलं नाही. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी नामदेवला तिथे नेलं आणि म्हणाले, "हे कागदावर नाही. मनात ठेव."

बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचे पाय तिकडे वळले. दुपारचा पाऊण वाजला होता. खाणीवरनं जेवायच्या सुट्टीत धावत आलेल्या बायका मोरीपाशी कॅन मांडून बसल्या होत्या. अंगावर दगडाची पांढरी भुकटी. दीड वाजला. कुणी शिव्या दिल्या नाहीत, ओरडलं नाही. यल्लूबाई आता साठीला आली होती. तिनं आपला कॅन उचलला आणि रावसाहेबांना बघून हसली.

"काका! लई दिसांनी. काल नाय आलं पानी, आज बी नाय. तुमी असता तर आलं असतं."

रावसाहेबांना तोंड वर करवेना. "येईल," एवढंच ते म्हणाले.

"येईल की. जातंय कुटं," ती म्हणाली आणि कामावर परत गेली.

त्या दिवशी घरी येताना त्यांनी नामदेवला फोन करायला दोनदा मोबाइल काढला आणि दोनदा खिशात ठेवला.

गुरुवारी मनस्वीनं डब्यांमधली नोंद पुन्हा उतरवून घेतली. टोकाच्या आलेखातला एक दहाचा खड्डा सोमवारपासून गायब. तिनं अक्षताला फोन केला. "तो आलेख आपण तिघांनीच बघितला होता," एवढंच ती म्हणाली, आणि पुढचं बोलायची गरज पडली नाही.

अक्षता संध्याकाळी घरी आली तेव्हा रावसाहेब स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. चांगुणाबाई कणीक मळत होत्या. अक्षतानं पर्स टेकवली, शेजारी पाट ओढला आणि तीही मेथी निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "पप्पा, लाइनीतली हवा गेली."

रावसाहेबांनी मेथीची दुसरी जुडी सोडली.

"सोमवारपासून गेली," ती म्हणाली. "रागावले नाहीये मी. फक्त सांगा."

मग त्यांनी सांगितलं. चेंबर, वाटी, घागर, चार आटे, सगळं. सांगताना काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होते. अक्षतानं ती गुपचूप उचलून घेतली. शेवटी ते म्हणाले, "खात्याच्या नजरेनं चोरीच ती. तुज्या सासऱ्याचं नाव पुस्तकात चोर म्हणून यायचं."

"बावीस वर्षं कुणाला कळलं नाही?" अक्षतानं विचारलं.

"कुणाला नाही."

"मला कळलं होतं," चांगुणाबाई कणकेवर हात फिरवत म्हणाल्या.

दोघांनी चमकून तिकडे पाहिलं.

"सुट्टीच्या दिवशी बी दुपारी जेवायच्या टायमाला हा माणूस गायब. घरी आला की पोटात चहा. मी म्हन्लं, झालं, दुसरं बिऱ्हाड केलं. म्हणून एक दिवस अभयला शेजारी ठेवलं न् मागं मागं गेले. बघते तर हे चेंबरवर बसलेले न् भवती बायकाच बायका." त्यांनी कणकेचा गोळा थापटला. "पर सगळ्यांच्या हातात कॅन. तशीच माघारी आले."

"मंग बोलली कामून नाहीस?" रावसाहेबांनी विचारलं.

"काय बोलायचं? चांगलंच चाललं व्हतं की."

अक्षता इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. रावसाहेबही हसले, चार दिवसांत पहिल्यांदा. तिथंच बसून त्यांनी नामदेवला फोन करून उद्यापासून व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं.

पण गोष्ट एवढ्यावर मिटणारी नव्हती. रविवारी मनस्वी आली. अक्षतानं तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "हे टोक आपण अहवालातून वगळू. छापलं तर खातं दुसऱ्या दिवशी ते तोंड सिमेंटनं बुजवेल. नामदेवची नोकरी जाईल. साठ घरांचं पाणी जाईल."

मनस्वीनं लॅपटॉप मिटला.

"काका, तुम्ही केलंत ते मला आवडलं. खरंच. पण एक सांगते. या लाइनीवर जे पाणी हिशेबात बसत नाही ना, ते खातं कुणाच्या नावावर घालतं माहितेय? आमच्या गावठाणाच्या. आम्ही त्याच लाइनीवर आहोत, खालच्या अंगाला. 'गाववाल्यांनी बेकायदा कनेक्शनं घेतलीत.' म्हणून तीन वर्षांपूर्वी आमचं संध्याकाळचं पाणी अर्धा तास कमी केलं. माझी आजी अजून म्हणते, 'आमी कई कोनाचा पानी चोरला गो?' आणि मी तिला काय सांगू? मोजलं होतं, पण वगळलं?"

रावसाहेब आपल्या तळहातांकडे बघत बसले. दांडा धरून धरून दोन्ही हातांना घट्टे पडले होते. ते पाणी टाकीवरून सांडणारं, फुकट जाणारं, असंच त्यांनी धरलं होतं. त्याचा दोष कुणाच्या तरी दारात जाऊन पडतोय, तेही दर रविवारी आपल्या घरी जेवणाऱ्या या पोरीच्या दारात, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"तुज्या आजीचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"गोजरा."

"मी येतो त्यांना भेटायला."

आणि ते खरंच गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, अक्षताला बरोबर घेऊन. गोजराबाई ओटीवर सुकट निवडत होत्या. रावसाहेबांनी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि हात जोडले. म्हातारीनं डोळे बारीक करून ऐकून घेतलं.

"तिकरं प्यायला देलास?" तिनं विचारलं.

"हो."

"विकला त नाय?"

"नाही, आजी."

"मंग बस. उबा कनाला?" म्हातारीनं सुपानं जागा झाडली. पण ते बसल्यावर त्यांच्या गुडघ्यावर बोट आपटून म्हणाली, "आमचा नाव साफ कर पन. त्या काय माफ नाय."

त्या बोटानं रावसाहेबांचं काम ठरवून टाकलं. घरी येऊन त्यांनी वहीचं कोरं पान काढलं आणि खात्याला अर्ज लिहायला घेतला: मी, रावसाहेब हिवराळे, निवृत्त व्हॉल्व्ह ऑपरेटर, कबूल करतो की. 'कबूल करतो की' याच्या पुढे तीन दिवस गेले. नामदेवला वाचवायचं होतं, म्हणून त्यांनी लिहिलं, की ही वेळ नियमातलीच आहे असं मीच त्याला सांगितलं. गावठाणातल्या लोकांचा या पाण्याशी काही संबंध नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं. अक्षतानं एक खोडलं, तर त्यांनी ते परत लिहिलं.

नुसत्या अर्जानं काय होणार, हे दोघींना ठाऊक होतं. अक्षता पंधरा दिवस वस्तीत जाऊन बसली आणि घराघरातून लिहून घेतलं: किती माणसं, किती कॅन, पाणी नसलं तर कुठून आणतात, कोण आणतं, त्यापायी कुणाची शाळा बुडते. मनस्वी तेवढ्याच दुपारी कॉलनीतल्या इमारतींच्या गच्च्यांवर चढून टाक्यांवरून वाहून जाणारं पाणी मोजत राहिली. तिची आकडेमोड झाली तेव्हा तीच चक्रावली. वस्ती वीस मिनिटांत जेवढं भरायची, त्याच्या तिप्पट पाणी रोज दुपारी गच्च्यांवरून नुसतं गटारात जात होतं. तिनं ते अक्षताला फोनवर ओरडूनच सांगितलं. मग दोघींनी एकाच कागदावर, डाव्या बाजूला एकीचं आणि उजव्या बाजूला दुसरीचं, असं लिहून काढलं. त्या एका पानावरही दोघी चार दिवस भांडल्या. मनस्वीनं वीस मिनिटांच्या ओळीला 'नोंद नसलेला पुरवठा' म्हटलेलं अक्षताला खटकत होतं आणि अक्षतानं लिहिलेलं 'हक्काचं पाणी' मनस्वीला. शेवटी त्यांनी रावसाहेबांना विचारलं.

"आमी तर 'एक दहाचं' म्हणायचो," ते म्हणाले.

तसंच छापलं.

खात्याच्या उपअभियंता शुभदा मॅडम तरुण होत्या. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं आणि सगळे कागद वाचले. मग अर्जावर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, तुम्ही हे लिहून दिलं नसतंत तर कुणाला कळलंही नसतं."

"या पोरींना कळलं व्हतं," रावसाहेब म्हणाले.

"आता कागदावर आलंय, म्हणजे चौकशी होणार. चौकशी होईपर्यंत मी ते बंद करू शकत नाही आणि मंजूरही करू शकत नाही. जसं आहे तसं राहील." त्या जरा हसल्या. "आमच्याकडे 'जसं आहे तसं' बरंच टिकतं."

ते आठ महिने टिकलं. पुढे काय झालं ते सगळंच मनासारखं झालं असं नाही. रावसाहेबांना खात्याकडून ताकीदपत्र आलं. निवृत्त माणसाला ताकीद देऊन काय साधलं ते अभयला कळेना. चांगुणाबाईंनी ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं. नामदेवची बदली वाशीला झाली, नोकरी मात्र राहिली. गावठाणाचं अर्धा तास कापलेलं पाणी वीस मिनिटं परत आलं. उरलेल्या दहा मिनिटांसाठी गोजराबाई मनस्वीला दर सणाला टोचतात. वस्तीच्या पायथ्याशी दोन सार्वजनिक नळ लागले, सिमेंटच्या ओट्याचे, मीटर बसवलेले. जुन्या लाइनीचं तोंड बुजवलं. अहवालात दोघींच्या नावांखाली तिसरं नाव आहे. कॉलेजातल्या एका सरांनी 'यांची पदवी कोणती' असं विचारलं, तेव्हा मनस्वीनं त्यांना जे उत्तर दिलं, ते अक्षता घरी सांगत नाही.

नळ सुरू झाल्यावर आठवड्यानं रावसाहेब दुपारचे तिकडे गेले. नळ कोरडे होते. पाणी सकाळी सहा ते साडेसहा. यल्लूबाई ओट्यावर बसून कॅनच्या झाकणाला चिंधी गुंडाळत होती.

"काय यल्लूबाई, झालं ना मनासारखं?"

"झालं की," ती म्हणाली. "पर सकाळी सहाला खाणीची गाडी येती, काका. गाडी पकडू का पानी भरू? निम्म्या बायका कॅन रिकामेच ठेवून जातात. एक दहाचं बरं होतं."

"नाही गं," मागून एक तरुण बाई म्हणाली. "एक दहाला पोरं शाळेत. मला एकटीला सात कॅन वाहावे लागायचे. संध्याकाळी पाहिजे पानी."

"संध्याकाळी स्वैपाक कोन करंल?"

तोवर आणखी चौघीजणी जमल्या. कुणी म्हणे पाच, कुणी म्हणे सात, एक म्हातारी म्हणे दुपारीच बरं, ऊन असलं म्हणून काय झालं. रावसाहेब एकेकीकडे बघत राहिले. बावीस वर्षं रोज ते इथे पाणी सोडत आले होते आणि तुम्हाला कधी पाहिजे, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

ते ओट्यावर टेकले, खिशातून वही काढली आणि चष्मा लावला.

"एकेकीनं सांगा," ते म्हणाले. "आधी तू सांग, पोरी. सात कॅनवाली."